चुकामूक झाली तर

आमच्या थोरल्या साडूंइतका सहलीला घाबरणारा, आणि तरीही एकही रविवार सहलीवाचून वाया न घालवणारा माणूस अख्ख्या ऑन्टॅरिओत शोधून सापडायचा नाही. लोक सहलीला मजा करायला जातात. आमचे साडू जातात ते संकटांची पाहणी करायला. आम्ही मार्कहॅमला राहतो, ते मिल्टनला, आणि मध्ये सगळं टोरोंटो पसरलेलं. पण मे महिना उजाडला आणि पार्किंगच्या कोपऱ्यातले बर्फाचे शेवटचे ढिगारे काळवंडायला लागले, की त्यांचा फोन आलाच म्हणून समजावं. त्यांच्या घरापासून दीडेक तासावर एक काउंटी, म्हणजे आपल्या तालुक्यासारखा मुलूख, आहे. नाव चांगलं लांबलचक आहे, पण आमच्या दोन्ही घरांत तिला नुसतं 'काउंटी' म्हणतात. सफरचंदाच्या बागा, भोपळ्यांची शेतं, जुनी पाणचक्की, वाफेवर चालणारी आगगाडी, शेळ्यांना हाताने चारा भरवायची सोय, फुलपाखरांचं काचघर, असं कुटुंबाने एक दिवस घालवावा म्हणून जे जे काही असतं ते सगळं तिथे आहे. आणि त्यातल्या प्रत्येकात कोणता धोका दबा धरून बसला आहे हे साडूंना तोंडपाठ आहे. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण ज्याने कुणी केली, त्याने आधी आमच्या साडूंबरोबर एक रविवार काढला असणार.

निघण्याचाच सोहळा मोठा. दारात उभे राहून ते प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर दही घालतात, मग तो प्रत्येक जण हातमोजे घालून का उभा असेना. त्यानंतर गाडी सुरू होईपर्यंत आणि झाल्यावरही कुणी 'कुठे' हा शब्द उच्चारायचा नाही. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारलं की काम फिसकटतं, हे आपल्याकडे घरोघरी ऐकलेलं असतं आणि विमानात बसल्यावर आपण ते विसरूनही जातो. साडू विसरले नाहीत. विचारायचंच असेल तर 'लांब का?' असं विचारावं आणि त्यांनी 'नाही हो, जवळच' म्हणावं, एवढीच परवानगी. त्यामुळे त्यांची दोन मुलं, केतकी आणि निखिल, आपण चाललोय कुठे याचा पत्ता नसतानाच लहानाची मोठी झाली. निखिल मागच्या सीटवरून कळवळून म्हणायचा, "बाबा, जस्ट टेल अस!" आणि साडू आरशातून त्याला दटावायचे, "पोचल्यावर कळेल." पुढे फोनमध्ये नकाशे आले तेव्हा कहरच झाला, कारण तो नकाशा उघडल्याबरोबर पहिला प्रश्न हाच करतो की बाबा रे, कुठे? साडूंनी त्यातून धूर निघत असल्यासारखा तो फोन ताईंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या, हातात टाकला. तेव्हापासून पत्ता आदल्या दिवशीच घालून ठेवायचा, असा त्यांच्याकडे शिरस्ता पडला. एकदा मी मुद्दाम दारात म्हणालो, "कुठे, काउंटीला का?" तर त्यांनी सगळ्यांना परत घरात नेलं, खुर्च्यांवर बसवलं, पाणी पाजलं आणि दही पुन्हा घातलं. त्याच दिवशी हायवेवर आमचा टायर पंक्चर झाला. तेव्हापासून या विषयात माझी बाजू कायमची लंगडी आहे.

साडू इथल्या सरकारी खात्यात पुलांची तपासणी करत. निवृत्त झाले, पण पुलांनी त्यांना सोडलं नाही. काउंटीत जाताना ओढ्यावरचा एक लहानसा पूल लागतो. तिथे ते गाडी बाजूला घेतात, चपळाईने उतरून पुलाखाली जातात, वरून आम्हाला त्यांची फक्त टोपी दिसते, आणि मग वर येऊन हात झाडत म्हणतात, "चालेल." तो पूल न चाललेला कधीच पाहिला नाही, पण त्यांनी 'चालेल' म्हणेपर्यंत आम्ही श्वास रोखून बसतो हेही खरं. त्यांच्या गाडीच्या डिकीत बर्फ उपसायचं शोव्हल, वाळूची पिशवी, घोंगडी आणि मेणबत्त्या बारा महिने असतात. "अहो, जुलै आहे. शोव्हल कशाला?" म्हटलं तर म्हणतात, "साडूभाऊ, देश कॅनडा आहे." डिकीत उरलेल्या जागेत ताईंच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि पुऱ्या. त्या पुऱ्यांच्या लोभाने मी वर्षानुवर्षं या धास्तीच्या कारखान्यात हजेरी लावत आलो.

आता प्रत्यक्ष ठिकाणं. आगगाडीत बसण्याआधी साडू इंजिनापाशी जाऊन ड्रायव्हरला ब्रेकबद्दल इतके खोदून खोदून प्रश्न विचारतात, की एकदा त्या बिचाऱ्यानेच खाली उतरून ब्रेक पुन्हा पाहिले. फुलपाखरांच्या काचघरातून बाहेर पडताना ते दाराशी उभं राहून घरच्यांच्याच नव्हे, तर मागून येणाऱ्या अनोळखी बायामाणसांच्याही पाठी तपासतात, कारण एखादं फुलपाखरू चुकून कुणाच्या स्वेटरवर बसून बाहेर थंडीत गेलं तर? शेळ्या बोटं चावतील, मधमाश्या ताकात पडतील, गवतातले ते टिक्स, म्हणजे बारीक गोचीड, पायावर चढतील! या टिक्सपायी त्यांनी सगळ्यांना पँटच्या वरून मोजे ओढायला लावले, आणि आमच्या दोन्ही घरांतल्या फोटोंमध्ये दोन पिढ्या मोजे गुडघ्यापर्यंत ओढून, फुटबॉलचा संघ हरून आल्यासारख्या ओळीने उभ्या आहेत. ताई या सगळ्यात खुशाल हसत असायच्या. मी एकदा म्हटलं, ताई, तुम्हाला वैताग नाही येत? तर म्हणाल्या, "छे हो. काळजीचं खातं त्यांच्याकडे आहे ना, म्हणून तर मी मोकळी."

पण या सगळ्यांवर कडी म्हणजे चुकामुकीची जागा. कुठेही पोचलो की साडू आधी चौफेर नजर फिरवून एक जागा नक्की करतात. "चुकामूक झाली तर सगळ्यांनी इथे यायचं. जो आधी येईल त्याने इथून हलायचं नाही." नुसतं सांगून भागत नाही. प्रत्येकाने त्या जागेला हात लावायचा. झेंड्याचा खांब असो, दगड असो, लाकडी गाय असो. सगळ्यांनी ओळीने पुढे व्हायचं आणि देवळात घंटेला लावावा तसा हात लावून मागे यायचं. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरतो, हाताला लागलेलं विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका वर्षी त्यांनी जागा ठरवली ती लाल ट्रॅक्टर. आम्ही यथासांग हात लावले आणि पांगलो. थोड्या वेळाने एका पोऱ्याने येऊन ट्रॅक्टरला गवताची गाडी जोडली आणि लोकांना शेतात फिरवायला घेऊन तो निघाला. आमच्या हिने ते पाहिलं मात्र, "जागा चालली! जागा चालली!" म्हणत ती मुलांना घेऊन ट्रॅक्टरच्या मागे धावत सुटली, आणि ती धावतेय म्हणून मी तिच्या मागे. शेताला पुरती प्रदक्षिणा घालून, धापा टाकत परत आलो तर ट्रॅक्टरच्या चाकांच्या मधोमध, म्हणजे चाकं आधी होती तिथे, साडू एकटे ताठ उभे. मी म्हटलं, अहो, जागा तर फिरायला गेली! ते म्हणाले, "ट्रॅक्टर गेला. जागा इथेच आहे."

यामागची गोष्ट ताईंनी मला फार उशिरा सांगितली. साडू पाच-सहा वर्षांचे असताना गावच्या जत्रेत हरवले होते. वडिलांनी आधीच बजावलं होतं, चुकलास तर पाळण्यापाशी थांब. ते पाळण्याच्या खांबाला धरून उभे राहिले. दुपार कलली, जत्रा उठायला लागली, माणसांनी येऊन पाळणा उतरवला, खांब उपटले, बैलगाडीत घातले. ते तिथेच उभे. खांबाच्या खड्ड्यापाशी. वडील आले ते त्यानंतर. "रडत नव्हते म्हणे," ताई म्हणाल्या, "नुसतं विचारलं, तुम्ही हरवला होतात का?" त्या दिवसानंतर मी जागेला हात लावताना थट्टा करायचं सोडलं. पूर्णपणे नाही, पण बरंचसं.

आणि मग ताई विसरायला लागल्या. आधी भाजीत दोनदा मीठ, मग ओव्हन चालूच, मग एकदा मला त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली आणि मुंबईहून कधी आलास म्हणून विचारलं. डॉक्टरांनी त्याला इंग्रजीत नाव दिलं. साडूंनी ते नाव एकदाही उच्चारलं नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं, या माणसाची आता पाचावर धारण बसेल. झालं उलटंच. ते गप्प झाले. पुलाखाली जाऊन यायचे, पण 'चालेल' म्हणायला विसरायचे. मधमाश्यांबद्दल बोलेनात. आणि त्या गप्पपणाची मला अशी धास्ती बसली की काय सांगू. जन्मभर बडबडणाऱ्या माणसाची काळजी एकदम खरी झाली की तिला शब्दच उरत नसावेत. कॅलगरीहून केतकी फोनवर सांगायची, "बाबा, डोन्ट टेक हर आउट. शी विल गेट लॉस्ट." आईला सांभाळणारी चांगली ठिकाणं असतात, एकदा बघून तरी या, असंही ती म्हणायची, आणि तिचं काही चूक नव्हतं. साडू म्हणायचे, "बघतो." आणि रविवारी ताईंच्या हातावर दही घालायचे. सहलीत त्या खुलतात, गाडीत बसल्या की जुनी गाणी गुणगुणतात, हे त्यांनी पाहिलं होतं. सहल बंद झाली की पुढचं सगळं सुरू होणार, हेही त्यांना कळत होतं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं काउंटीतल्या त्या पहिल्या बागेत गेलो. पहिली अशासाठी, की केतकी बाबागाडीत होती तेव्हा साडूंची सहलीची सुरुवात तिथूनच झाली होती. तेव्हा तिथे एक कोठार आणि सफरचंदाची झाडं होती. आता मोठं पार्किंग, मक्याच्या शेतातला भुलभुलय्या, खायच्या टपऱ्या आणि फोटो काढायला माणसापेक्षा दुप्पट उंच अशी एक पिवळी लाकडी खुर्ची. साडूंनी ती खुर्चीच जागा म्हणून ठरवली. चौघांनी हात लावले. ताईंनीही लावला, आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

गारठा वाढला म्हणून साडू ताईंची शाल आणायला गाडीकडे गेले. मी कॉफी घ्यायला. ही ताईंच्या शेजारीच होती. एक भोपळा उचलायला म्हणून वाकली आणि उठून बघते तर ताई नाहीत. एवढंच. त्यांनी नारिंगी स्वेटर घातला होता, आणि ऑक्टोबरमध्ये तिथे जिकडे बघावं तिकडे नारिंगीच. जिथे जिथे म्हणून नारिंगी दिसलं तिथे तिथे मी धावलो, आणि दर वेळी भोपळा निघाला. एका बाजूला तळं होतं, पलीकडे भरधाव रस्ता. मी तळ्याच्या काठाने फिरलो आणि पाण्याकडे बघायचं धाडस होईना. मक्यात शिरलो, तिथे मीच वाट चुकलो, बूट चिखलाने भरले. लाउडस्पीकरवर ताईंचं नाव पुकारलं जात होतं, आणि तो उच्चार असा, की ताईंचं भान शाबूत असतं तरी त्यांना ते आपलं नाव वाटलं नसतं. हिचं रडून रडून नाक लाल झालं होतं. "मी फक्त वाकले रे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

साडू कुठे होते? खुर्चीपाशी. एका हातात शाल, दुसरा हात खुर्चीच्या पायावर. बागेतली एक मुलगी त्यांना विचारत होती, शेवटचं कुठे पाहिलंत, काय घातलं होतं. आणि ते तिच्याकडे बघतही नव्हते. मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "अहो, उभे काय राहिलात? चला शोधायला!"

"मी हललो आणि ती आली तर?"

"त्यांना आठवत नाहीये साडू! खुर्चीला लावलेला हात त्यांना आठवणार आहे का?"

बोलून गेलो आणि जीभ झडली असती तर बरं असं वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. मग खुर्चीकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, पुलाकडे बघावं तसं. "ही नवी आहे," ते पुटपुटले. "पोरं लहान होती तेव्हा ही नव्हती." मग एकदम माझा दंड धरून, मी त्यांच्या तोंडून त्यापूर्वी सहलीत कधीही न ऐकलेला शब्द ते बोलले. "साडूभाऊ, इथला हातपंप कुठे गेला?"

हातपंप. हिरव्या रंगाचा, लोखंडी. पहिल्या सहलीतली पहिली जागा. त्या गार लोखंडाला मीही हात लावला होता, आणि पुढे मुलं त्याचा दांडा दाबून पाणी काढत एकमेकांना भिजवत असत. पण आता तो तिथे असायचं काही कारणच नव्हतं. साडूंनी शाल खांद्यावर टाकली, हिला म्हणाले, "तू थांब इथे. हात ठेव खुर्चीवर, काढू नकोस." आणि ठरलेली जागा सोडून ते निघाले. कोठाराचा कोपरा धरून मोठ्या मेपलपर्यंत, तिथून डावीकडे, झपाझप, आणि मी मागे. मेपलच्या पलीकडे, पूर्वी पंप होता तिथे, आता डोनटची टपरी होती आणि समोर ही मोठी रांग. मी दोनदा या रांगेवरून गेलो होतो. रांगेत माणसं होती, बस. यावेळी नीट पाहिलं तर रांग एका ठिकाणी जरा वाकडी होऊन, कुणालातरी वळसा घालून पुढे जात होती.

मध्ये ताई उभ्या होत्या. टपरीच्या फळीवर तळहात टेकून. मागच्या बाईने अदबीने विचारलं, आर यू इन लाइन? तशा ताई स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "नो, नो. आय ॲम वेटिंग फॉर माय हजबंड."

साडू तिथे पोचले आणि रांगेच्या कडेलाच थांबले. ताईंनीच पाहिलं त्यांना.

"अहो, काय हे! किती वेळ!" त्या म्हणाल्या. "मला सांगता, हलायचं नाही, आणि स्वतःच हरवता. पोरं दमली असतील. केतकीला कुणाजवळ ठेवलंत?"

"आहे. मावशीजवळ आहे," साडू म्हणाले.

"घाबरलात ना? आणा तो हात इकडे." ताईंनी त्यांचा हात धरून फळीवर ठेवला आणि वर आपला ठेवला. "लावा नीट. म्हणजे पुढच्या वेळी हरवलात की इथेच याल."

रांगेतली माणसं त्यांना वळसा घालून पुढे सरकत राहिली. मी मेपलकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला रडताना बघितलं असतं तर साडूंना आणखी एक काळजी लागली असती.

घरी परतताना साडूंनी पुलाखाली जाऊन पाहिलं नाही. तसेच पुलावरून गेलो, आणि मला मात्र पहिल्यांदाच त्या पुलाची भीती वाटली. हिने सगळं केतकीला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. केतकी फोनवर रडली आणि म्हणाली, "बाबा, प्लीज. नो मोअर." साडू म्हणाले, "बरं." हिवाळा आला, बर्फ पडलं, ते दारापुढचं शोव्हल करत राहिले आणि सहलीचं नाव काढेनात. मला वाटलं, संपलं. पुऱ्यांचं मला आता काही नव्हतं. पण मिल्टनच्या त्या घरात दोघंच बसून आहेत आणि माझ्या साडूंना घाबरायला नवीन काही मिळत नाहीये, हे मनाला फार लागायचं.

गेल्या शुक्रवारी फोन आला. आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात बर्फाचा शेवटचा ढिगारा उरला होता. "साडूभाऊ, रविवारी मोकळे आहात का? हिला जरा बाहेर काढावं म्हणतोय. केतकीशी बोललोय. ती म्हणाली, चौघं असाल तर जा."

कुठे, हे तोंडातून निघतच होतं, गिळलं. "लांब का?" मी विचारलं.

फोनमध्ये लांबून ताईंचा आवाज आला. त्या मुलांना मोजे वर ओढायला सांगत होत्या.

"नाही हो," साडू म्हणाले. "अजून जवळच आहे."

मी म्हटलं, या वेळी दही मी घालतो, तुम्ही ताईंचा हात धरून ठेवा.